बीप तर झालं, पण सेफ झालं का?

माहीत आहे का? दोन हजार पोरांच्या शाळेत मेटल डिटेक्टरची एकच कमान लावली आणि प्रत्येकाला जेमतेम पाच सेकंद दिले, तरी सगळी शाळा आत जायला २ तास ४६ मिनिटं ४० सेकंद लागतात. म्हणजे सातची शाळा असेल, तर पहिल्या नंबरचा मुलगा पहाटे सव्वाचारच्या आत रांगेत हजर! काकड आरती आणि शाळेची रांग, दोन्हींचा मुहूर्त एकच.

आणि हा हिशेब कुणाचंच बीप झालं नाही तर. बीप झालं की मागे फिरा, खिसे रिकामे करा, पुन्हा आत या. कमानी वाढवल्या तर रांग आटोक्यात येईल, पण प्रत्येक कमानीपाशी तपासणारा माणूस हवा, मुलींसाठी बाई हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, का तर मुलांची झोप पूर्ण व्हावी. ती कमावलेली झोप कमानीखाली गमवायची का, हा पहिलाच प्रश्न!

कुठल्याही गावातल्या शाळेत काही वाईट घडलं, की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतोच : ‘आपल्या शाळेत मेटल डिटेक्टर बसवा.’ त्यामागची काळजी शंभर टक्के खरी. मॉलमध्ये आहे, मेट्रो स्टेशनवर आहे, दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला आहे, मग शाळेतच का नाही? लॉजिक सरळ वाटतं. पण हे यंत्र नेमकं करतं काय आणि त्यानं पोरं खरंच सुरक्षित होतात का, हे बघायला गेलं की एकेक भन्नाट गोष्ट हाती लागते. चला तर, पुण्याच्या सदाशिव पेठेतून निघू, न्यूयॉर्कला वळसा घालू आणि परत बुधवार पेठेत येऊ!

आधी नावाचीच गंमत. मेटल डिटेक्टर म्हणजे शुद्ध मराठीत धातुशोधक यंत्र. आणि मराठी व्याकरणात धातू म्हणजे? क्रियापदाचं मूळ रूप! ‘करतो’चा धातू ‘कर’, ‘बसला’चा धातू ‘बस’. म्हणजे प्रत्येक शाळेत एक अस्सल धातुशोधक आधीपासून हजर आहे : मराठीचे सर. आयुर्वेदाला विचाराल तर रस, रक्त, मांस, मेद वगैरे सात धातू आपल्या अंगातच. कमानीत पाऊल टाकण्याआधीच आपण फुल लोडेड!

आता दप्तर. माझी भाची आठवीत आहे. परवा तिचं दप्तर तिच्या परवानगीनं सतरंजीवर पालथं केलं आणि मोजदाद केली. कंपासपेटी, कंपास, कर्कटक, शार्पनर, स्टेपलर, स्टीलचा डबा, चमचा, स्टीलची बाटली, सायकलची किल्ली, स्पायरलची वही, छत्री आणि दप्तराचं बक्कल. बरोब्बर बारा धातूच्या वस्तू! एका दप्तरात एक डझन बीप.

त्यातली टोकदार कोणती? कर्कटक. पिढ्यान्‌पिढ्या ज्यानं बाकांवर नावं कोरली गेली, तेच ते. माहीत आहे का, ज्या कॅम्लिनच्या कंपासपेट्या मराठी घराघरांत पोचल्या, ती दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ मध्ये सुरू केली तेव्हा विकत होती शाईची पावडर. शाईपासून कर्कटकापर्यंत, सगळा अभ्यास एका घरातून!

खरी मेख इथेच आहे. यंत्राला धार कळत नाही. डबा आणि चाकू त्याच्या लेखी सख्खे भाऊ. कमानीची संवेदनशीलता वाढवली तर बारकी किल्लीसुद्धा वाजते आणि सगळी शाळा दारात अडकते. डबे वाजू नयेत म्हणून ती कमी केली, तर डब्याहून लहान चाकू आरामात आत. डबा पोटासाठी, पण पेच डोक्याला!

वेटोळ्यात गुंतलेली गोष्ट

कमानीच्या खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून बदलता विद्युतप्रवाह सोडला की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू शिरला की त्या धातूत छोटेछोटे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात. त्यांचंही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बनतं, शेजारच्या वेटोळ्याला त्याची चाहूल लागते आणि बीप! बस, एवढंच. काच, प्लास्टिक, लाकूड, पेट्रोल, सिगारेट, कागद : सगळ्यांना फ्री पास.

कागदाचं नाव निघालंच आहे तर, दहावी-बारावीच्या बोर्डाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच. परीक्षा आली की भरारी पथकं निघतात. कारण कॉपी ही आजही मुख्यतः कागदाचीच कला. चिठ्ठीला कुठलीच कमान पकडत नाही, पकडतात ते वर्गावरच्या बाईंचे डोळे!

माहीत आहे का? या यंत्राचा पहिला गाजलेला प्रयोग झाला तोच मुळी फसला. साल १८८१. इकडे पुण्यात जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला आणि तिकडे जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली, डॉक्टरांना सापडेना. मदतीला धावून आले खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेल, टेलिफोनवाले! त्यांनी घाईघाईनं धातू शोधणारं यंत्र बनवलं, त्याचा आवाज ऐकायला टेलिफोनचाच रिसीव्हर लावला. पण गोळी काही मिळाली नाही. गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्र गोंधळलं. शिवाय मुख्य डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती! सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले.

१८८१ पासूनचा धडा हाच : यंत्र तिथेच शोधतं, जिथे माणूस त्याला शोधायला लावतो.

पण यंत्राला अगदीच कमी लेखू नका हं! १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात एका माणसानं मेटल डिटेक्टर फिरवला आणि मातीतून निघालं २७ किलोंहून जड सोन्याचं ढेकूळ. नाव ठेवलं ‘हँड ऑफ फेथ’. मेटल डिटेक्टरनं शोधलेलं जगातलं सर्वांत मोठं सोनं ते हेच. नगेट असावं तर असं!

गडकिल्ल्यांवर डिटेक्टर घेऊन जायची कल्पना सुचली असेल तर लगेच थांबा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायलाच हवं. दहा रुपये! आज अमृततुल्यमध्ये तेवढ्यात जेमतेम एक कटिंग येतो.

आणि हा किस्सा तर सिनेमाला शोभेल. एडीई ६५१ नावाचं ‘बॉम्ब शोधक’ यंत्र जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसानं इराकला हजारोंच्या संख्येनं विकलं. आत काय होतं? काहीच नाही! बॅटरी नाही, सर्किट नाही, मुठीवर फिरणारी नुसती अँटेना. मूळ कल्पना गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या स्वस्त खेळण्यावरून उचललेली. बगदादच्या नाक्यांवर जवान ते हातात धरून उभे राहायचे आणि स्फोटकांच्या गाड्या पुढे निघून जायच्या. २०१३ मध्ये ब्रिटनच्या कोर्टानं त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. सुरक्षेचा नुसता देखावा किती महाग पडतो, याचं याहून भयंकर उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

न्यूयॉर्कच्या शाळेची पायरी

आता मुद्द्याला हात. मुलांच्या शाळेत कमानी लावून बघितल्यात कुणी? अमेरिकेनं. न्यूयॉर्क शहरानं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही हायस्कुलांत मेटल डिटेक्टर आणले. आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेनं १९९२ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारलं. डिटेक्टर असलेल्या शाळांतली ७.८ टक्के मुलं म्हणाली, आम्ही शाळेत हत्यार आणलं होतं. डिटेक्टर नसलेल्या शाळांत हे प्रमाण होतं १३.६ टक्के.

म्हणजे जवळपास निम्मं! कमान जिंकली? थांबा, त्याच पाहणीची दुसरी ओळ वाचा. धमक्या आणि मारामाऱ्या? दोन्हीकडे सारख्याच. चाकू दाराबाहेर राहिला, भांडण मात्र मुलांसोबत आत आलं.

मला हा आकडा प्रामाणिक वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं देतो. जिथे पोरं रोज खिशात पिस्तूल घेऊन फिरतात, तिथे कमान काहीतरी नक्की अडवते. पण पुढे संशोधकांनी पंधरा वर्षांतले अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा : शाळेतली हिंसा यानं कमी होते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावाच नाही. इतक्या शाळा, इतकी वर्षं, इतके डॉलर, आणि उत्तर ‘सांगता येत नाही’!

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला आणि तो मला जास्त बोचला. डिटेक्टर असलेल्या शाळांतल्या मुलांना शाळेत कमी सुरक्षित वाटत होतं. शाळेत मुळात हिंसा किती, हे हिशेबात धरूनही! विचार केला तर पटतं. रोज सकाळी दारात कुणीतरी संशयानं बघत असेल, तर पोरगं मनात म्हणणारच : इथे काहीतरी घाबरण्यासारखं आहे.

रेड लेक, मिनेसोटा, २१ मार्च २००५. त्या हायस्कूलच्या दारात मेटल डिटेक्टर होता आणि निःशस्त्र सुरक्षारक्षकही होता. बंदूक घेऊन आलेल्या विद्यार्थ्यानं आधी रक्षकालाच गोळी घातली आणि तो कमानीतून आत गेला. बीप झाला असेल. अडवायला कुणी उरलं नव्हतं.

पाकिस्तानातलं पेशावर, १६ डिसेंबर २०१४. दहशतवादी शाळेत शिरले ते मागच्या भिंतीवरून. त्याच महिन्यात आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना शाळांच्या सुरक्षेबद्दल सूचना पाठवल्या आणि कुंपणाच्या भिंतींची चर्चा देशभर सुरू झाली.

मूड बदलू या. माहीत आहे का, अमेरिकेत एक कायदा चक्क मेटल डिटेक्टरची सोय म्हणून केलेला आहे? १९८८ चा हा कायदा म्हणतो की बंदुकीत निदान ३.७ औंस पोलादाइतका धातू ओळखू आलाच पाहिजे. म्हणजे साधारण १०५ ग्रॅम. का? तर कमानीला ती सापडावी म्हणून! प्लास्टिकच्या बंदुकांची धास्ती तेव्हापासूनची.

आणि पारदर्शक दप्तर? तेही करून झालं. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाल्यावर मुलांना आरपार दिसणारी दप्तरं सक्तीची केली. पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडायच्या आत नियम मागे! दप्तर पारदर्शक झालं, पण मन थोडंच होतं?

‘एआयवाली स्मार्ट कमान’ हे लेटेस्ट फॅड. चालत जा, थांबू नका, दप्तर काढू नका, आमचं यंत्र फक्त हत्यारच ओळखतं, अशी जाहिरात. अमेरिकेच्या ग्राहकहित जपणाऱ्या आयोगानं, एफटीसीनं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच एका कंपनीच्या दाव्यांवर कारवाई केली. आपल्याकडे अशी सेल्स-पिच घेऊन कुणी शाळेच्या ऑफिसात बसलं, तर मुख्याध्यापकांनी त्याच्यापुढे स्टीलचा डबा आणि छत्री ठेवावी आणि म्हणावं, दाखवा!

पुण्याचा हिशेब वेगळा

पुण्याला या कमानी दिल्या त्या दहशतवादानं. १३ फेब्रुवारी २०१०, कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी : बेवारस बॅग, १७ जीव गेले. १ ऑगस्ट २०१२, जंगली महाराज रोड : स्फोटकं काही ठिकाणी सायकलींवर. १० जुलै २०१४, फरासखाना : स्फोटकं मोटारसायकलमध्ये, आणि मोटारसायकल उभी पोलीस ठाण्याच्याच पार्किंगमध्ये. बॅग, सायकल, मोटारसायकल. तीनपैकी एकही कमानीतून आली नाही.

मग सापडतं कशानं? नाकानं! मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘झंजीर’ला ओळखता ना? हा सोनेरी लॅब्रडॉर शिकला आपल्या शिवाजीनगरात, सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात या पठ्ठ्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुंगून काढले. किती जीव वाचले असतील, मोजायचं कसं? २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. नाव धातूच्या साखळीचं, पण पकडलं ते धातू नसलेलं आरडीएक्स. मेटल डिटेक्टरला जे जमत नाही, ते झंजीरला जमलं!

आणखी एक पुणेरी कमाल. डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा आपल्या पाषाण-सुतारवाडीच्या बाजूची. त्यांनी एक छोटं किट बनवलं : संशयित पदार्थाचा कण घ्या, रसायनाचा थेंब टाका, रंग बदलला की समजायचं स्फोटक. बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलसारखंच, फक्त इथे चूक झाली तर गुण जात नाहीत, जीव जातो.

आता कोयता. पुणेकरांच्या तोंडी गेल्या काही वर्षांत हा शब्द फार आला. जानेवारी २०२३ मध्ये तर पुण्यात कोयता विकत घ्यायचा तर आधार कार्ड दाखवा, इथपर्यंत गोष्ट गेली. सिम कार्ड, गॅस आणि कोयता, सगळ्याला आधार! कायद्याचा पेच गमतीदार आहे. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरगुती वापराची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. आणि कोयता तर शेतकऱ्याचाच!

माहीत आहे का? ऊसतोडीत ‘कोयता’ हे माणसं मोजायचं माप आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आणि आईबाप फडावर गेले की पोरांची शाळा सुटते. त्यांच्यासाठीच साखरशाळा निघाल्या. मुलांना शाळेबाहेर काढणारा कोयता शोधायचा असेल, तर तो या फडात आधी सापडेल.

२७ जून २०२३, सदाशिव पेठ. भरदिवसा एका तरुणीवर कोयत्यानं हल्ला झाला. ती रस्त्यावरून धावत होती, बघणारे बघत होते. मध्ये पडला तो एमपीएससीचा अभ्यास करणारा एक तरुण. त्यानं कोयत्याचा हात धरला. हा प्रसंग वाचला की मला अजूनही काटा येतो. त्या गल्लीत कॅमेरे असतील-नसतील. कामाला आला तो एका पोराचा हात.

नोव्हेंबर २०२४, मांजरी. शाळेचा वर्ग, नववीतली मुलं, आणि एकानं दुसऱ्याच्या गळ्यावर वार केला. कशानं? काचेच्या तुकड्यानं. जगातली सगळ्यात महाग कमान त्या दारात असती, तरी ती गप्पच राहिली असती. त्या दोघांचं आपसात काय बिनसलंय, हे वर्गात कुणाला ना कुणाला ठाऊक असणार. मोठ्यांना का नाही कळलं?

आणि १९ मे २०२४, कल्याणीनगर. बारावीचा निकाल साजरा करून निघालेला अल्पवयीन मुलगा, हाती पोर्शे, आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर ठार. दोन टनांच्या आसपासचा हा धातू कुठल्या डिटेक्टरनं पकडायचा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा सांगतो की अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. हा बीप घरात वाजायला हवा, किल्ली हुकावरून निघते तेव्हा!

कमान भेटते ती परीक्षेला

शिकताना पुण्यातल्या अनेक मुलांना मेटल डिटेक्टर पहिल्यांदा कुठे भेटतो, सांगा पाहू? शाळेत नाही, नीटच्या सेंटरवर! हाफ बाही, साधी चप्पल, बूट बंद, दागिने बंद, आणि अंगावरून फिरणारा हातातला डिटेक्टर. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांचीच आधी तपासणी!

यातून टोकाचे प्रकारही झाले. जुलै २०२२ मध्ये केरळात कोल्लमच्या केंद्रावर मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली, कारण हुक धातूचे होते. गुन्हे दाखल झाले, काहींना अटकही झाली. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, आयुष्याचा पेपर, आणि त्याआधी हा अपमान. मशीननं फक्त बीप केलं होतं. पुढचं सगळं माणसांनी केलं.

आणि चप्पल घालू दिली म्हणून काय झालं, सांगू? सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षकांच्या भरतीपूर्व परीक्षेत पोलिसांनी चक्क ब्लूटूथ बसवलेल्या चपला पकडल्या. किंमत? एकेक जोडी सहा लाखांपर्यंत! कोल्हापुरी लाजेल असा भाव.

बेंगळुरूच्या शाळांनी २०२२ च्या अखेरीस मोबाइल शोधायला दप्तरं उघडली. मिळालं काय? सिगारेट, लायटर, व्हाइटनर. शोधायला गेलो फोन आणि सापडली मुलं! लायटर सोडला तर यातलं कमानीला काही दिसलंही नसतं. हे दिसल्यावर घरी बोलायचं असतं, ओरडायचं नसतं.

८१ चा आकडा

मला विचाराल तर सगळ्या विषयातला नंबर वन आकडा हा आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं १९७४ ते २००० मधले शाळांवरचे ३७ हल्ले तपासले. ८१ टक्के प्रकरणांत निदान एका माणसाला आधीच कुणकुण होती. बहुतेकदा मित्राला, वर्गातल्या मुलाला. म्हणजे डिटेक्टर वर्गातच होता, बाकावर बसलेला! त्याचा बीप ऐकायला कुणी नव्हतं, एवढंच.

तर तो ऐकायची सोय काय? आपल्याकडे आहे आणि ती कमानीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. शाळांत तक्रारपेटी लावा, असा राज्याचा आदेश २०१७ पासूनचा. पुढे मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचारानं महाराष्ट्र हादरला. आरोप शाळेतल्याच कर्मचाऱ्यावर होता, रोज दारातून हक्कानं आत येणाऱ्या माणसावर. त्यानंतर काही दिवसांत सरकारनं महिनाभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, हे सगळं पुन्हा बजावलं.

एक छोटं काम सुचवते, मनापासून. पुढच्या पालकसभेत एकच प्रश्न विचारा : तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते आणि ती शेवटची कधी उघडली? कुलूप गंजलेलं असेल तर तो धातू सगळ्यात आधी शोधायला हवा.

१०९८ पाठ आहे ना? मुलांसाठीची हेल्पलाइन. सुरू झाली १९९६ मध्ये मुंबईत. नंबर असा, की हिंदीत मोजत उलटं या : दस, नौ, आठ! लहान मुलालाही लक्षात राहावा. पुण्यात शाळा-कॉलेजांसाठी ‘पोलीस काका’ही आहेत, पोरांनी थेट फोन करावा असे.

आणि रस्ता? तिथलं यंत्र म्हणजे व्हॅन. महाराष्ट्राचे स्कूलबसचे नियम २०११ चे : पिवळा रंग, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुलींसाठी बाई सहायक, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे? भरगच्च रिक्षाबाहेर दप्तरं लटकलेली दिसली, की मला कमानीची चर्चा फार लांबची वाटते. आणि आग? तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुलं गेली. त्या शाळेला हवं होतं मोकळं दार आणि पक्कं छप्पर.

शेवटी बुधवार पेठेत येऊ म्हटलं होतं, आलो. दगडूशेठच्या दर्शनाची रांग, पुढे कमान, पर्स ट्रेमध्ये, बीप, पुढे चला. माहीत आहे का, या रांगेच्या अगदी समोर काय होतं? भिडे वाडा! १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. शाळेत येताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण, चिखल, दगड फेकायचे. त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या, शाळेत पोचल्यावर बदलायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. पुण्यातला शाळेच्या सुरक्षेचा पहिला प्रश्न हा असा होता, आणि तो दारात नव्हता, वाटेवर होता.

डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला तो वाडा स्मारकासाठी उतरवला. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा कमानीत शिरण्याआधी जरा मागे वळून रस्त्यापलीकडे बघा. सोबत शाळेतली पोर असेल तर तिला त्या दुसऱ्या लुगड्याची गोष्ट सांगा. रांग तशीही दहा मिनिटं हलत नाही.